शाळाच गेली अंगणात!

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय, की तो आला कुठून हा प्रश्नच कधी पडत नाही. त्यामागे दोन बायकांची धडपड आहे.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करीत. पण माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं परवडणार ती शहरातल्या खात्यापित्या घरांना. मग खेड्यातल्या गरिबाच्या पोरानं काय करायचं? हा प्रश्न ताराबाईंना १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला घेऊन गेला. सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आतच वैधव्य! तरी जिद्दीनं शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या आणि पस्तिशीत ती नोकरी सोडून खेड्यात गेल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं काही फिरकेनात. “त्यांना शिक्षणाची गोडीच नाही,” असं म्हणून हात झटकता आले असते. पण तसं न करता बाईच वस्तीत गेल्या. तिथल्याच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. साधनंही आसपास फुकट मिळणारी. ती अंगणवाडी!

पुढे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथली अडचण निराळी. मुलगा गुरं राखणार, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळणार, मग शाळेत येणार कोण? म्हणून गुरांमागच्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिचं नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात निजलं, की ताई निवांत पाटी घेऊन बसे. ‘मूल का येत नाही’ याचं उत्तर मुलाच्या स्वभावात नव्हे, त्याच्या घरच्या दिवसात शोधायचं, ही नजर या शिक्षिकांना कामातूनच आली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी मात्र १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कोसबाद सोडलं नाही.

आता आपल्याकडे वळू या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बहुतेक खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात निदान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. म्हणजे आपल्या चिंगीच्या बाकावर कदाचित धुणंभांडी करणाऱ्या एखाद्या ताईंची लेक बसत असेल. प्रवेश कायद्यानं मिळतो हो, पण मैत्रीण कायद्यानं कशी मिळणार?

ते काम आपल्या घरातलं. वाढदिवसाला बोलावताना तिला वगळू नका. भेटवस्तू आणू नका, असं सगळ्यांनाच सांगा, म्हणजे तिच्या आईची पंचाईत होणार नाही. डब्यात तिनं काय आणलं याची चौकशी नको. तिच्या बोलीला मुलं हसली, तर तिथल्या तिथे थांबवा आणि तिच्याकडून दोन शब्द शिकून घ्यायला सांगा.

ती आपल्या घरी यायला बुजत असेल, तर रुसू नका. चिंगीला घेऊन एकदा तुम्हीच तिच्या अंगणात जा.