मापनातील त्रुटी आणि ध्वनिप्रयोगशाळा

भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत 'त्रुटी' हा शब्द ज्या अर्थाने येतो, तो अर्थ नित्याच्या भाषेत नाही. त्रुटी म्हटले की आपणांस हयगय वा उणीव आठवते. मापनशास्त्रात मात्र मापलेले मूल्य आणि खरे मूल्य यांतील अंतर, एवढाच तिचा अर्थ होय. हे अंतर दक्ष प्रयोगकाच्या हातूनही राहतेच. या दोन अर्थांची गल्लत झाल्यामुळे विद्यार्थी त्रुटी लपवू पाहतो. भाषाविज्ञानाच्या प्रबंधांत तर तिचा निर्देशही क्वचितच आढळतो.

व्हर्नियर कॅलिपर्सचेच उदाहरण घेऊ. त्याचे लघुतम माप सामान्यतः ०.१ मिलिमीटर असते. त्याहून सूक्ष्म अंक लिहिणे म्हणजे उपकरणाने जे सांगितलेच नाही ते त्याच्या तोंडी घालणे होय. जबडे मिटले असता शून्याशी शून्य जुळत नसेल, तर प्रत्येक वाचन एकाच दिशेने तेवढेच ढळते, आणि शंभर वाचनांच्या सरासरीनेही ती त्रुटी जात नाही. ब्यूरेट वाचताना डोळ्याची पातळी दर वेळी थोडी वरखाली होते. ही त्रुटी मात्र सरासरीने पुष्कळशी शमते.

निरीक्षक हाही उपकरणाचाच एक भाग असतो. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलाइन यांनी किनेब्रुक या साहाय्यकास कामावरून दूर केले. कारण ताऱ्यांच्या संक्रमणाच्या त्याच्या नोंदी मॅस्केलाइन यांच्या नोंदींहून सुमारे ०.८ सेकंद उशिराच्या येत. असे अंतर निपुण निरीक्षकांतही असते, हे पुढे बेसेल या ज्योतिर्विदाने दाखवून दिले. किनेब्रुकला त्याचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या विषयाकडे वळू. 'ताट' आणि 'थाट' यांतील आद्य व्यंजनांचा भेद मोजताना स्फोटापासून स्वरतंतूंच्या कंपनाच्या आरंभापर्यंतचा काळ घेतात. लिस्कर व अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ज्या अकरा भाषांतील असा काळ प्रसिद्ध केला, त्यांत मराठीही होती. परंतु कंपनाचा आरंभ नेमका कोठे मानावयाचा? पुरुषाच्या आवाजाची कंप्रता १२५ हर्ट्झ धरल्यास एका आवर्तनास ८ मिलिसेकंद लागतात. महाप्राणानंतरची पहिली आवर्तने अस्पष्ट असतात; एकाने पहिले व दुसऱ्याने दुसरे आवर्तन ग्राह्य मानले, तर दोघांच्या आकड्यांत ८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. असे असता संगणकाने पडद्यावर दाखविलेली दशांशचिन्हापुढील चार स्थळे कोष्टकात जशीच्या तशी उतरविण्यात काय हशील?

'त' आणि 'थ' यांतील अंतर मोठे असल्यामुळे ८ मिलिसेकंदांनी तेथे निष्कर्ष बदलत नाही. 'त' आणि 'ट' यांची तुलना करावयाची असेल, तर मात्र शोधावयाचा भेदच थोड्या मिलिसेकंदांचा असतो, आणि तो ध्वनींचा की मापकाच्या हाताचा, हे सांगता येत नाही. म्हणून प्रबंधकर्त्याने आरंभबिंदूची कसोटी आधी लिहून ठेवावी, ध्वनिमुद्रणांचा काही भाग आठवड्याने पुन्हा मोजावा, तोच दुसऱ्या जाणकाराकडून पहिले आकडे न दाखविता मोजून घ्यावा, आणि या मापनांतील अंतर मुख्य कोष्टकाच्या शेजारीच छापावे.