हाडाजवळचा गुलाबी रंग

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून, एका चमत्कारिक आजाराचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. कित्येकांना आधी जुलाब झाले होते. ते थांबतात न थांबतात तोच हातापायांना मुंग्या येत, पायांतले बळ जाई. काहींना तर श्वासासाठी यंत्राचा आधार द्यावा लागला. थोड्याच आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही जण दगावले. या आजाराचे नाव गियाँ-बारे सिंड्रोम, वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘जीबीएस’. १९१६ साली फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत तो पाहून त्याचे वर्णन केले होते.

रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, तर काहींत नोरोव्हायरस. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. परंतु या जिवाणूचे नाव निघाले की कोंबडीचेही निघते. चिकन नीट शिजवूनच खा, अशा सूचना आल्या आणि चिकनची धास्ती पसरली.

कोंबडीचा यात काय संबंध? तिच्या शरीराचे तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस असते आणि नेमक्या याच तापमानाला हा जिवाणू उत्तम वाढतो. तिच्या आतड्यात तो सुखाने राहतो. कोंबडी सहसा आजारी पडत नाही. पक्षी कापताना आणि पिसे काढताना तो आतड्यातून कातडीवर व मांसावर पसरतो. माणसाला आजारी पाडायला त्याची मोठी फौजही लागत नाही. ब्रिटनमधील रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने असे सुमारे ५०० जिवाणू दुधात घालून स्वतःच प्राशन केले. ते आजारी पडले आणि १९८१ साली त्यांनी तो अनुभव प्रसिद्ध केला! पाचशे जिवाणू मावायला पाण्याचा एक थेंबसुद्धा मोठाच म्हणायचा.

बहुतेकांचे दुखणे जुलाब, ताप आणि पोटदुखी यांवरच संपते. सुमारे हजारात एखाद्याच्या बाबतीत मात्र निराळेच घडते. या जिवाणूच्या काही जातींच्या आवरणावरील रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये या साम्यामुळे फसतात आणि मज्जातंतूंवरच हल्ला करतात. शत्रू केव्हाच मेलेला असतो, पण लढाई चालू राहते. म्हणूनच जुलाब थांबल्यावर एक-दोन आठवड्यांनी पाय लुळे पडू लागतात. बहुतेक रुग्ण हळूहळू बरे होतात; त्याला महिनेही लागतात.

मग लोक मांस कमी का शिजवतात? त्यालाही कारण आहे. मांसात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असते. तापमान साठ अंशांच्या पुढे जाऊ लागले की प्रथिनांचे धागे आकसतात आणि रस बाहेर पिळला जातो. ऐंशीच्या पुढे गेलेला छातीचा तुकडा चावून पाहा, चोथाच लागेल. तेव्हा रसाळपणाचा लोभ खोटा नाही. जपानच्या कागोशिमा भागात तर कोंबडीचे मांस जवळजवळ कच्चेच, पातळ काप करून खातात. (जपानमध्ये अन्नातून होणाऱ्या विषबाधांत कॅम्पायलोबॅक्टरचे नाव वरच्या क्रमांकांत असते, हेही सांगायला हवे.)

पाश्चात्त्य देशांत आतून लाल ठेवलेला स्टेक खातात, तो कसा चालतो? गाईच्या अखंड मांसखंडात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि तवा तेवढा भाग चांगलाच भाजून काढतो. खिम्यात मात्र पृष्ठभाग आत मिसळतो. कोंबडीच्या बाबतीत तर जिवाणू कातडीच्या छिद्रांत आणि काळजाच्या आतही असू शकतात.

जागतिक आरोग्य संघटना मांसाच्या गाभ्यापर्यंत ७० अंश तापमान पोहोचू द्या म्हणते. तेवढ्याने हा जिवाणू झटपट मरतो आणि मांस चोथाही होत नाही. अडचण इतकीच की तंदुरी कोंबडीची तंगडी बाहेरून काळपट, खमंग झाली तरी आत काय तापमान आहे हे दिसत नाही. रंगावर भरवसा ठेवू नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडातील मगजाचा रंग पाझरून पूर्ण शिजलेले मांसही हाडाजवळ गुलाबी राहते. उलट लिंबू व दही चोळून ठेवलेले मांस कच्चे असतानाच पांढुरके, शिजल्यासारखे दिसते. आम्लाने प्रथिने साकळतात, पण सगळे जंतू मरतात असे नाही. फ्रीजरमध्ये त्यांची संख्या घटते, ते संपत नाहीत. खात्रीचे साधन म्हणजे जाडसर भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा स्वयंपाकाचा तापमापक.

आणि रश्श्याचे काय? उकळी फुटलेला रस्सा शंभर अंशांच्या आसपास असतो. त्यात रटरट शिजलेल्या तुकड्यांत हा जिवाणू तग धरत नाही. अशा घरात धोका असलाच तर पातेल्यात नव्हे, मोरीत असतो. कच्चे चिकन नळाखाली धुताना उडालेले शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर पडतात, किंवा ज्या पाटावर ते कापले त्याच पाटावर मग काकडी चिरली जाते. काकडी काही कोणी शिजवत नाही.