न सोडवलेला पेच

हंगेरीच्या दक्षिणेला, क्रोएशियाच्या सरहद्दीजवळ, मेचेक डोंगराच्या उतरणीवर एक शहर वसले आहे. त्याचे नाव पेच. हंगेरियन भाषेतल्या या नावाचा आपल्या मराठी पेचाशी काडीचाही संबंध नाही, हे मला ठाऊक होते. तरीही शहराच्या मुख्य चौकात, म्हणजे सेचेनी चौकात, जाऊन उभा राहिलो तेव्हा हे नाव कोणा मराठी माणसानेच ठेवले असावे, अशी शंका आली.

चौक उतरता आहे. तीन बाजूंना अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या देखण्या, पिवळ्या-गुलाबी इमारती एका रेषेत शहाण्या मुलांसारख्या उभ्या आहेत. वरच्या टोकाला मात्र एक दगडी इमारत कोणाशीच समांतर नाही. सगळ्या चौकाकडे तिने खांदा वळवला आहे. चौकोनी बैठक, वर अष्टकोनी बांधणी, त्यावर तांब्याचा हिरवा पडलेला घुमट आणि भिंतीत कमानदार खिडक्यांच्या रांगा. ही गाझी कासीम पाशाची मशीद. आज ते गावातले कॅथलिक चर्च आहे. घुमटाच्या टोकाकडे पाहिले तर चंद्रकोर दिसते, आणि त्या चंद्रकोरीवर क्रूस.

इमारत तिरकी का, याचे उत्तर सोपे आहे: तिचे तोंड मक्केकडे आहे. चौक नंतर आपल्या सोयीने आखला गेला, मशिदीची दिशा मात्र बदलता येण्यासारखी नव्हती. उस्मानी तुर्कांनी १५४३ साली पेच जिंकले. त्या काळी येथे संत बार्थोलोम्यूचे गॉथिक चर्च होते. त्याचेच दगड मशिदीच्या भिंतींना लागले. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, १६८६ मध्ये, हाब्सबुर्ग सम्राटाच्या फौजांनी शहर परत घेतले. तुर्क गेले. मशीद उरली. आता हिचे काय करायचे, हा पेच त्या दिवशी शहरापुढे उभा राहिला आणि माझ्या मते तो अजूनही सुटलेला नाही. शहराचे मोठेपण हे, की त्याने तो सोडवण्याची घाईही केली नाही.

पहिले उत्तर निव्वळ व्यवहाराचे असावे. लढायांनी खिळखिळ्या झालेल्या गावात धड छप्पर असलेली भक्कम इमारत पाडणे कोणाला परवडते? मशिदीचे चर्च झाले आणि ते जेझुइट धर्मगुरूंच्या ताब्यात आले. मिनार १७६६ साली पाडला गेला. बरोक शैलीची भर पडत गेली आणि बाहेरून पाहणाऱ्याला मूळ वास्तू ओळखू येईनाशी झाली. मग विसाव्या शतकात प्रश्न पुन्हा वर आला. १९३९ ते १९४२ या काळात, बाहेर महायुद्ध पेटलेले असताना, या इमारतीची दुरुस्ती निघाली. नांदोर क्योरमेंडी या वास्तुविशारदाने बरोक वेष्टण उतरवले आणि तुर्की इमारत पुन्हा उजेडात आणली. चर्चला जागा अपुरी पडत होती, म्हणून उत्तरेच्या अंगाला अर्धवर्तुळाकार नवा भाग जोडला. त्या जोडाने घुमटाची नक्कल केलेली नाही. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे रस्त्यावरच्या माणसालाही कळते.

आत गेल्यावर डोळे सवयीने क्रूस शोधतात, आणि तो सापडतोही. पण भिंतीत मिहराबचा कोनाडाही आहे. त्याच छताखाली रविवारची प्रार्थना होते. बाहेर चौकात, मशिदीच्या पुढ्यात, हुन्यादी यानोशचा अश्वारूढ पुतळा आहे. तुर्कांना बेलग्रेडला थोपवणारा हा सेनानी १४५६ साली वारला. पाचशे वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याला येथे घोड्यावर बसवले. ज्यांच्याशी तो जन्मभर लढला, त्यांचाच घुमट आज त्याच्या सोबतीला आहे. कोणी हे मुद्दाम जुळवले असेल-नसेल. पण दोघांपैकी एकाला हटवावे, असे मला तेथे क्षणभरही वाटले नाही.

तुर्की काळाच्या बाकी खुणांचे नशीब सारखे नाही. गावाच्या पश्चिमेला याकोवाली हसन पाशाची छोटी मशीद आहे. तिचा मिनार शाबूत आहे. संबंध हंगेरीत तुर्कांचे तीनच मिनार उभे उरले आहेत. एगेर आणि एर्द येथल्या दोन मिनारांच्या मशिदी नाहीशा झाल्या. आता ते एकटेच आभाळाकडे बोट करून उभे आहेत. मिनार आणि मशीद अजून एकत्र आहेत, त्या पेचमध्ये.

या गावाने शुद्धीकरण कधी केलेच नाही, असे मात्र नाही. चार मनोऱ्यांचे भव्य कथीड्रल पाहायला गेलो तेव्हा ते शहरातले सर्वांत प्राचीन असणार, असेच कोणालाही वाटेल. येथल्या बिशपच्या पीठाची स्थापना संत इश्तवान राजाने १००९ साली केली आणि चर्चचे तळघर अकराव्या शतकातले आहे, हे खरे. पण जे दिसते त्यातले बहुतेक १८८२ ते १८९१ या काळातले. व्हिएन्नाच्या फ्रीडरिश फॉन श्मिट याने शतकाशतकांची भर खरवडून काढली आणि चर्चला ‘अस्सल’ रोमनेस्क रूप दिले. मधल्या पिढ्यांनी केलेले बदल गेले. मूळ कोरीव दगडांपैकी कितीतरी आता संग्रहालयात पाहावे लागतात. काम सुबक आहे, यात वाद नाही. पण तिरक्या मशिदीसमोर जितका वेळ रेंगाळलो, तितका या अस्सल इमारतीसमोर रेंगाळलो नाही.

खरे प्राचीन पेच पायांखाली आहे. रोमन काळात या गावाचे नाव होते सोपियाने. चौथ्या शतकात येथल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांसाठी जमिनीखाली खोल्या बांधल्या आणि त्यांच्या भिंतींवर चित्रे काढली: आदाम आणि इव्ह, सिंहांच्या गुहेतला दानिएल, संत पीटर आणि संत पॉल. एका खोलीत सुरई आणि प्यालाही आहे. पीटर-पॉलची खोली १७८२ साली सापडली; आदाम-इव्हची खोली सापडायला १९७५ उजाडावे लागले. २००० साली युनेस्कोने ही दफनभूमी जागतिक वारशाच्या यादीत घातली आणि २००७ मध्ये तिच्यावर नवे दालन उभे राहिले. आता काचेवरून चालत खालच्या कबरी पाहता येतात. रोमन साम्राज्य गेले, वर चर्च आले, चर्चवर मशीद आली, मशिदीचे पुन्हा चर्च झाले. गावातली माणसे मात्र या डोंगराच्या उतरणीवरून उठून गेली नाहीत.

ही उलथापालथ पचवून गावाने स्वतःचे असे काय केले, याचे उत्तर चौकाच्या खालच्या टोकाला आहे. तेथे १९३० साली बसवलेले झोल्नाई कारंजे आहे. बैलांच्या मुखांतून पाणी पडते, आणि त्या मुखांचा रंग हिरवा की सोनेरी, हे आपण एक पाऊल सरकलो की बदलते. ही इओसिन नावाची धातुमय झिलई. ग्रीक भाषेतल्या उषेवरून तिला हे नाव मिळाले. १८५३ साली येथे सुरू झालेला झोल्नाई घराण्याचा कारखाना विल्मोश झोल्नाईने जगभर नेला. त्याने बनवलेले पायरोग्रॅनाइट फार मोठ्या तापमानाला भाजले जाई, त्यामुळे त्यात पाणी मुरत नसे. साध्या कौलात मुरलेले पाणी थंडीत गोठते, फुगते आणि कौल फोडते. हे कौल टिकले. बुडापेस्टच्या उपयोजित कला संग्रहालयाचे रंगीबेरंगी छप्पर याच मातीचे. विल्मोशच्या दोन मुली, तेरेज आणि युलिया, नक्षी काढत. त्यात हंगेरियन खेड्यांतली फुले होती, तशीच इराणी-तुर्की वळणाचीही होती. ज्या तुर्कांना घालवले, त्यांची वेलबुट्टी दोनशे वर्षांनी पेचच्या बशांवर उमलली, आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. २०१० साली युरोपीय संस्कृतीची राजधानी म्हणून तीन शहरे निवडली गेली: जर्मनीतले एसेन, पेच आणि इस्तंबूल. एके काळचे राज्यकर्ते आणि त्यांच्या ताब्यातले गाव त्या वर्षी एकाच यादीत मानाने बसले.

इथेच लेख संपवला असता तर गोष्ट फार गोड झाली असती. पण चौकापासून थोडे खाली कोशूत चौक आहे, आणि तेथे १८६९ साली पुरे झालेले ज्यूंचे सिनेगॉग आहे. हंगेरीत ज्यूंना समान हक्क मिळाले ते १८६७ साली; त्यानंतरची ही इमारत मानाने, रस्त्याला तोंड करून, उघड्या चौकात उभी राहिली. तिच्यासाठी ऑर्गन बनवला तो याच गावच्या योझेफ आंग्स्टरने. पुढे नावारूपाला आलेल्या त्याच्या कारखान्याचे हे पहिले काम. १९४४ च्या उन्हाळ्यात, अवघ्या आठ आठवड्यांत, हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू बंद डब्यांच्या गाड्यांतून पाठवले गेले, बहुतेक सगळे आउश्वित्झला. त्यांत पेचचे हजारो होते. फार थोडे परतले. सिनेगॉगला धक्का लागला नाही. बाके जागच्या जागी आहेत, ऑर्गन आहे, वरची सज्जाची ओळ आहे. त्या बाकांवर किती माणसे मावत असतील, याचा अंदाज घेत मी बराच वेळ बसून होतो.

मशीद रिकामी झाली ती राज्य करणाऱ्यांची सत्ता गेली म्हणून. सिनेगॉग रिकामे झाले त्यात शेजारी गेले. त्यांनी कोणाचे राज्य घेतले नव्हते. दोन्ही वास्तू आज सारख्याच निगुतीने जपलेल्या दिसतात आणि प्रवाशांच्या पुस्तकांत एकाखाली एक येतात. म्हणून त्या यादीवर फार विसंबू नये. परक्याची भिंत सांभाळायला जो समंजसपणा लागतो, तो पेचने दाखवला आणि त्याबद्दल या गावाचे मला कौतुक आहे. पण तोच समंजसपणा भिंतीआडच्या माणसांच्या वाट्याला, नेमका हवा होता तेव्हा, आला नाही. दगड वाट पाहू शकतात. मशीद आपले मूळ रूप परत मिळेपर्यंत अडीचशे वर्षे थांबली. माणसांना तेवढी सवड मिळत नाही.