न रुजलेल्या बियांचा हिशेब

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंटात हिवाळी पाऊस झाला की पेक्टोकार्या रिकर्वाटा ही इवलीशी वनस्पती उगवते. आपल्या भोकराच्याच कुळातली, पण जमिनीलगत वाढणारी. तिचं पांढरं फूल वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. फळाच्या चार दातेरी फाका मागे वळतात, आणि वसंतात बी धरून झाड मरतं. तिचं खरं कर्तृत्व मला पाऊस होऊनही मातीत निजून राहिलेल्या बियांमध्ये दिसतं.

हे नुकसान नव्हे का? थांबलेलं बी कुजतं, मुंग्या-उंदीर खातात. ओल असताना सगळ्यांनीच का रुजू नये? उत्तर गुणाकारात आहे. समजा, चांगल्या वर्षी रुजलेल्या एका बीच्या दहा होतात आणि दुष्काळात एकही नाही. १०० पैकी १०० रुजल्या तर पहिल्याच दुष्काळात वंश बुडाला. निम्म्याच रुजल्या तर चांगल्या वर्षी ५५० होतात, दुष्काळानंतरही २७५ उरतात. कुजणं-खाणं यात धरलेलं नाही. ते धरलं तरी शून्यापेक्षा काहीही बरंच. दुबार पेरणीचं संकट पाहिलेल्या शेतकऱ्याला राखून ठेवलेल्या बियाण्याचं मोल सांगावं लागत नाही. बी अर्थातच विचार करत नाही. सगळं एकदम उधळणारे वंश टिकले नाहीत, इतकंच.

हा हिशेब डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये मांडला. पण काही बियांना पुरेशी ओल किंवा थंडीच मिळाली नसेल, असा आक्षेप उरतोच, आणि तो रास्त आहे. त्याला तोलामोलाचं उत्तर टूसॉनजवळच्या टुमामॉक टेकडीवर मिळालं. तिथे लॅरी व्हेनेबल आणि सहकाऱ्यांनी १९८२ पासून वर्षायू वनस्पतींची नोंद ठेवली. टेकडी एक, पाऊस एक. तरीही ज्या जातींचं नशीब वर्षागणिक जास्त हेलकावे खातं, त्यांच्या बिया कमी प्रमाणात रुजतात, असं व्हेनेबल यांनी २००७ मध्ये दाखवलं. केवळ ओलीच्या कमी-जास्तपणाने असा मेळ बसला नसता. पेक्टोकार्या स्वतः सावकाश वाढते आणि पाणी काटकसरीने वापरते, म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा तिचे हेलकावे लहान असतात. हवामान तापतंय तर आता तिचं काय, असं कुणी विचारेल. तिथे हिवाळी पाऊस उशिरा येऊ लागला, त्यामुळे उगवण अधिक थंड दिवसांत होऊ लागली, आणि थंडी सोसणाऱ्या अशा सावकाश जातींचा वाटा उलट वाढला.