टायर पॉलिशची गन : फवारा जातो कुठे?

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं, ते इथून दिसलं. टायरला पॉलिश मारायचं, त्यावर व्याख्यान कसलं? पण कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरपर्यंत या, रस्त्याच्या कडेला वॉशिंग सेंटरं लागतात. गाडी धुऊन झाली की पोरगा शेवटी गन हातात घेतो, चारही टायरांवर फवारा मारतो आणि मिनिटभरात टायर काळेकुळकुळीत. गिऱ्हाईक खूश. आम्हीही हे काम पुष्कळ दिवस असंच केलं. त्या फवाऱ्यातलं किती टायरवर बसतं आणि उरलेलं कुठे जातं, एवढंच आज बघायचं आहे.

आधी टायरबद्दल. अगदी सुरुवातीचे टायर काळे नव्हतेच, पांढरट असायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळायला लागले आणि टायरचं आयुष्य कितीतरी वाढलं. काळा रंग त्या काजळीचा. मग वापरलेला टायर तपकिरी का दिसतो? हवेतल्या ओझोनमुळे रबराला चिरा पडतात. त्या पडू नयेत म्हणून टायरमध्ये एक रसायन आणि मेण घातलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि तिथे तपकिरी पडतं. म्हणजे तो तपकिरीपणा सगळाच मळ नसतो. टायर स्वतःची काळजी घेतोय, त्याची ती खूण असते.

पॉलिश दोन जातींचं मिळतं. एक दुधासारखं पांढरं, पाण्यात मिसळलेल्या सिलिकॉनचं. याची चमक मंद असते आणि पावसात ते लवकर उतरतं. दुसरं पारदर्शक, पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेल्या सिलिकॉन तेलाचं. याची चमक भडक आणि टिकाऊ, पण वाफ उग्र, आणि ती पेट घेते. काही ठिकाणी तिसराही प्रकार चालतो, नुसतं डिझेल किंवा रॉकेल मारायचं. स्वस्त पडतं, काळंही दिसतं. पण त्यानं रबर फुगतं आणि ते रक्षण करणारं रसायनही धुऊन जातं. हे मुळीच करू नका.

आता गन. कॉम्प्रेसरची हवा द्रवाचे बारीक थेंब करून पुढे फेकते. दाब जितका जास्त, तितके थेंब बारीक आणि तितके ते आपटून परत उडतात. गाड्या रंगवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. जुन्या पद्धतीच्या गनमधून निघालेल्या रंगातला निम्म्याहून जास्त वाया जातो, म्हणून कमी दाबाच्या एचव्हीएलपी गन आल्या. त्यांच्या टोकाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत असतो आणि निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसावा, अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र टायरची धूळ उडवायला लावलेल्या दाबावरच पॉलिश मारत होतो! शिवाय टायरची बाजू म्हणजे दरवाजाचा सपाट पत्रा नव्हे. मध्ये भोकांचं चाक, आणि त्या भोकांमागे ब्रेक.

तर उरलेलं पॉलिश पहिलं जातं ब्रेकवर. डिस्कवर सिलिकॉनचा पातळ थर बसला तरी पॅडची पकड कमी होते. डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसता येते, पण पॅडमध्ये तेल मुरलं तर बहुधा पॅडच बदलावे लागतात. दुसरं जातं टायरच्या नक्षीवर, जी रस्त्याला टेकते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर वळण घेताना याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. तिसरं जातं शेजारी. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्यांत वॉशिंग आणि डेंटिंग-पेंटिंग भिंतीला भिंत लावून असेल, तर पत्र्यावर सिलिकॉनचा कण जरी बसला तरी त्या जागी रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग भांडण.

चौथं जातं गन धरणाऱ्याच्या छातीत. आमच्याकडच्या मुलाला संध्याकाळी डोकं दुखायचं, खोकला यायचा. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं असेल. तो तोंडाला रुमाल बांधायचा आणि आम्हाला वाटायचं, काळजी घेतोय. रुमाल द्रावकाची वाफ अडवत नाही. त्याला कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो. ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते, आणि तिथेच पोरगा टायरपाशी उकिडवा बसलेला. जवळच कॉम्प्रेसरच्या मोटरची ठिणगी. हे उमगायला आम्हाला फार उशीर लागला, याची खंत आहे.

राहिलेलं फरशीवर पडतं. फरशी निसरडी होते आणि धुतली की सगळं गटारात. अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० मधलं. ते ज्या वालधुनीच्या काठी उभं आहे, तीच पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या आणि जीन्स धुण्याच्या सांडपाण्यापुढे आमचं पॉलिश म्हणजे थेंब, हे खरं. पण तो थेंब आमचा आहे.

मग करायचं काय? गन फेकून देऊ नका, तिचं काम बदला. टायर ब्रश आणि साबणानं घासा, फेस पांढरा येईपर्यंत. मग गननं नुसती हवा मारून टायर पूर्ण कोरडा करा, अक्षरांच्या खाचांतलं पाणीसुद्धा. ओल्या टायरवर पॉलिश धरत नाही. मग पाण्याचं पॉलिश स्पंजवर घ्या आणि फक्त बाजूला, गोल फिरवत लावा. गर्दीच्या दिवशी फवारायचंच असेल तर दाब उतरवा, चाकावर पुठ्ठ्याची गोल चकती धरा, जवळून मारा. दहा मिनिटं थांबून कोरड्या फडक्यानं पुसा. न पुसता गाडी काढली की चाक फिरताच पॉलिश दरवाजावर उडतं. आम्ही मोजून पाहिलं नाही, पण बाटली आता पूर्वीपेक्षा बरीच जास्त दिवस पुरते, एवढं नक्की.

इथे श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं, स्कूटीच्या टायरला मारून दिलं तर चालेल का? नाही. कारचा टायर सरळ चालतो, दुचाकी वळताना कलते आणि टायरची कड रस्त्याला टेकते. त्या कडेवर पॉलिश म्हणजे घसरणं. कोणी फुकट मारून देतो म्हणाला तरी नको म्हणा.

एका काकांनी विचारलं, जुनी गाडी घेताना टायर चकाचक असतील तर चांगलं ना? काका, उलट तेव्हा खाली वाका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. बोटानं पॉलिश पुसा आणि बारीक चिरा आहेत का पाहा. पॉलिशनं चिरा भरत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

आमच्याकडचा तो मुलगा आता स्पंजनं काम करतो. एका गाडीला पाच मिनिटं जास्त लागतात, गिऱ्हाईक घड्याळ बघतं. त्यांना आम्ही सांगतो, ही पाच मिनिटं त्याच्या छातीची आणि तुमच्या ब्रेकची आहेत. बहुतेक जण मग थांबतात.