बमरोलीहून संथ पाण्याकडे

संक्रांतीच्या दिवशी बमरोलीतल्या कुठल्याही गच्चीवर चढावं. सुरतच्या दक्षिण अंगाला, उधना-पांडेसराला लागून असलेल्या या भागात खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं राहतात. त्यांची दहा वर्षांची पोरंही वारा वाचतात. पाण्याच्या टाकीमागे वारा तुटतो, समोरच्या पाचमजली इमारतीच्या डोक्यावरून पतंग गेला की तो पुन्हा भरून येतो आणि दुपार कलली की ढील द्यायची दिशा बदलते. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. विंडसर्फिंगमध्ये फळीवर उभं राहून शीड हातात धरायचं, तर वाऱ्याची हीच ओळख लागते. प्रश्न पाण्याचा आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी गोव्यात दोनापावलाजवळ आठवडाभर विंडसर्फिंग शिकलो होतो. सरळ जाता यायचं, अडखळत वळून परत येता यायचं. मग ते सुटलं. आता पुन्हा सुरू करायचं ठरवल्यावर उधन्याच्या पट्ट्यात कुठे जमेल, हे मी महिनाभर शोधलं.

माझ्यासारख्या परतलेल्या शिकाऊ माणसाला पोहत जावं लागणार नाही असं, छातीएवढ्या खोलीचं, लाटा नसलेलं पाणी हवं. वारा ताशी १२ ते २० किलोमीटरचा असावा. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, हलका झेंडा पसरून फडकत असेल, तर तो हाच वारा. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडू लागले, तर त्या दिवशी काठावर बसावं. वाऱ्याचा जोर मात्र अर्धाच हिशेब. वारा कुठून कुठे वाहतो, हे त्याहून महत्त्वाचं. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. मतलई वारा जमिनीवरून पाण्याकडे जातो. तेव्हा काठाजवळचं पाणी पाटासारखं दिसतं आणि नवखा तिथेच फसतो, कारण शीड उचलता आलं नाही तर तो वारा त्याला आत, आणखी आत नेतो.

खुद्द बमरोलीत पाणी आहे, पण ते खाडीचं आणि सांडपाण्याचं. सांडपाणी शुद्ध करून रोज चार कोटी लिटर पाणी पांडेसराच्या कारखान्यांना पुरवणारा महापालिकेचा प्रकल्प २०१४ पासून इथे उभा आहे. शहराने अभिमान बाळगावा असं ते काम आहे. बोर्ड घेऊन मात्र दुसरीकडेच जावं लागतं.

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव डुमसचं येतं. काळी वाळू, टोमॅटोची भजी, रविवारची गर्दी. पण हे खंभातच्या आखाताचं तोंड आहे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाच-सहा मीटरचा फरक पडतो. ओहोटीला पाणी दिसेनासं होतं आणि मागे चिखल उरतो. भरतीला तेच पाणी ओढ घेऊन येतं. ज्याला दर दहा मिनिटांनी पडायचंच आहे, त्याला ही ओढ सोसत नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाची भरती असताना पाणी जरा शांत असतं, तरीही परत सुरुवात करण्यासाठी मी डुमस कुणाला सुचवणार नाही.

तापीवर रांदेर आणि सिंगणपोर यांना जोडणारा कॉजवे आहे. नदीत आडवा बंधारा घालून १९९५ मध्ये तो बांधला. खालच्या बाजूला समुद्राची भरती पोचते, वरच्या बाजूला गोड पाणी थांबून राहतं. संध्याकाळी वरच्या अंगाला उभं राहिलं की जीव हरखतो. इतकं रुंद, इतकं निश्चल पाणी शहराच्या मधोमध! पण सुरत हेच पाणी पिते. पावसाळ्यात पातळी सहा मीटरच्या वर गेली की कॉजवेवरून पाणी वाहू लागतं आणि रस्ता बंद होतो. त्या दिवसांत बंधाऱ्याकडे वाहत जाण्याचा विचारही अंगावर काटा आणतो. एरवी जागोजाग जलपर्णी साचते आणि ती बोर्डाखालच्या फिनमध्ये अडकली की बोर्ड जागीच थांबतो. म्हणून मी इथे वारा बघायला जातो, पाण्यात उतरत नाही. महापालिकेने आखून दिलेला कोपरा आणि सोबतीला बचाव-नाव असेल, तरच त्याचा विचार व्हावा.

मग उरतं उकाई. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याच पाण्याबद्दल.

बमरोलीचा खानदेशी माणूस गावी जायला उधन्याला गाडी धरतो. तापीकाठची ही लाइन उधन्याला मुंबईच्या मार्गापासून फुटते आणि बारडोली, व्यारा, उकाई-सोनगड करत नवापूरला जाते. नवापूरचा फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. पुढे नंदुरबार, मग जळगावकडे. म्हणजे शंभरेक किलोमीटरवर, गावच्या वाटेवरच, हा जलाशय आहे. आमच्यातले कित्येक जण वर्षातून चार वेळा त्याच्या शेजारून जातात आणि उतरत मात्र नाहीत. सोनगड म्हणजे पिलाजीराव गायकवाडांचा गड. निदान त्यासाठी तरी उतरावं.

उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. पूर्ण भरल्यावर पातळी ३४५ फूट, आणि फुगवटा थेट नंदुरबार जिल्ह्यात शिरतो. या पाण्याखाली शंभराहून अधिक गावं गेली. गामित, वसावा, कोकणी कुटुंबांची शेतं, देवस्थानं, चुली. काठावर आज मासेमारी करणाऱ्यांत त्यांचीच पुढची पिढी आहे. तिथे खेळायला जाणाऱ्याने आधी त्यांच्याशी बोलावं. त्यांच्या कामावर आपला खेळ पडू नये, हे एक. दुसरं, जाळी कुठे लावली आहेत, बुडालेल्या झाडांचे बुंधे कुठे आहेत, तळ कुठे एकदम खोल जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. सिंचन खात्याची परवानगीही आधीच घ्यावी आणि धरणाच्या भिंतीपासून कित्येक किलोमीटर दूर राहावं.

ऑक्टोबरात जलाशय भरलेला असतो, पण तेव्हापासून हिवाळाभर वारा मंद असतो. मे महिन्यात वारा भरपूर, पण पाणी कित्येक फूट उतरलेलं आणि काठाला गाळ. फेब्रुवारी-मार्चची दुपार मला या दोन्हींच्या मधली वाटते. पश्चिमेचा वारा असेल तर तो माणसाला धरणापासून दूर नेतो, हा एक दिलासा. मधल्या विस्तीर्ण पाण्यावर मात्र जाऊ नये. उघड्या पाण्यावरून वारा जितका लांब धावत येतो, तितक्या लाटा वाढतात. छोट्या आखातासारखी जागा निवडावी, जिथे वारा काठाला तिरका लागतो आणि माणसाला काठाकडेच ढकलतो.

बोर्डाबद्दल परतणाऱ्यांची एक चूक ठरलेली असते. आपल्याला येतं, असं मनाला वाटतं आणि माणूस लहान बोर्ड मागतो. दोरीने शीड उचलताना कंबर कशी ठेवायची, हे अंग विसरलेलं असतं. आपल्या किलोतल्या वजनात शंभर मिळवावेत आणि निदान तेवढ्या लिटरचा बोर्ड घ्यावा. मधोमध पाण्यात उतरणारी फळी असलेला असेल तर उत्तम. शीड साडेचार चौरस मीटरच्या आसपास. लाइफ जॅकेट न घालता पाय ओला करू नये.

उकाईच्या काठावर भाड्याने बोर्ड मिळेल अशी आशा ठेवू नये. म्हणून पहिले चार दिवस गोव्यात घालवावेत, असं माझं मत. दोनापावलाच्या परिसरात हा खेळ मुरलेला आहे. कात्या कोएल्हो आणि डेन कोएल्हो हे विंडसर्फर गोव्याचेच. तिथे शिकवणारा सोबत असतो आणि चूक सांगतो. तिथून येऊन मग तलावाचं पाणी धरावं. तलावाला कमी लेखायचं कारण नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये शिडाच्या होडीत रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलची. तिथला मोठा तलाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. त्याच स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगचं कांस्य आणलं.

गेल्या फेब्रुवारीत सोनगडला उतरून मी एका काठावर गेलो. बोर्ड नव्हता. एक म्हातारे मच्छीमार बाबा जाळं सोडवत बसले होते. त्यांना विचारलं, इथे पडलो तर कुठे लागेन? त्यांनी पळसाचं एक वाळलेलं पान उचलून माझ्या हातात दिलं. मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ते सोडलं आणि परत येऊन बसलो. पान आधी उजवीकडे सरकलं, मग एका जागी गोल फिरत राहिलं. बाबा मान वर न करता म्हणाले, "थांबा." अकरा मिनिटांनी ते माझ्या चपलांपासून वीसेक पावलांवर काठाला लागलं.