परिचर्या प्रशिक्षणार्थींचे आरोग्य

सुरत जिल्ह्यातील तापीकाठच्या कामरेजसारख्या गावातून, किंवा सुरतेत स्थायिक झालेल्या एखाद्या खानदेशी कुटुंबातून, मुलगी परिचर्येच्या शिक्षणासाठी वसतिगृहात दाखल होते तेव्हा तिचे वय बहुधा १७-१८ वर्षांचे असते. वर्ग, वॉर्डातील काम आणि पुढे रात्रपाळी असा तिचा दिनक्रम होतो. इतरांची शुश्रूषा शिकत असताना स्वतःच्या प्रकृतीची हेळसांड होणार नाही, हे पाहणे संस्था व पालक या दोघांचेही कर्तव्य होय.

पहिला धोका संसर्गाचा. वेल्लोर येथे परिचर्या विद्यार्थ्यांच्या २००७-०८ मधील पाहणीत क्षयाच्या संसर्गाचा वार्षिक धोका सुमारे ७.८ टक्के आढळला. सर्वसाधारण जनतेत तो त्या काळी सुमारे १.५ टक्के मानला जाई. संसर्ग म्हणजे रोग नव्हे; तथापि दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप किंवा वजनातील घट दिसताच तपासणी करून घ्यावी. वॉर्डात हवा खेळती असावी व मुखपट्टी वापरावी.

दुसरा धोका सुईचा. 'ब' प्रकारच्या काविळीवर लस आहे. तिच्या तीन मात्रा साधारणतः सहा महिन्यांत पूर्ण होतात. म्हणून पहिली मात्रा वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वीच द्यावी. एचआयव्हीवर लस नाही. सुई टोचल्यास जखम दाबू नये. साबण व पाण्याने धुऊन तत्काळ वरिष्ठांना कळवावे. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावे लागते. बोलणी बसतील या भीतीने घटना लपविल्यास हाच मोलाचा वेळ वाया जातो.

अपुरी झोप, चुकलेले जेवण व रक्तक्षय यांमुळेही शक्ती क्षीण होते. स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास उपचार आवश्यक ठरतात. घरची ओढ, परीक्षेची धास्ती आणि पहिल्यांदा पाहिलेला मृत्यू मनावर आघात करतात. अशा वेळी 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

वार्षिक वैद्यकीय तपासणी, लसीकरण, आजारपणात मोफत उपचार किंवा विमा आणि प्रत्येकाची आरोग्यनोंद या बाबी भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत समाविष्ट आहेत. प्रवेशाच्या वेळी पालकांनी त्यांची चौकशी अवश्य करावी. शिक्षकांनी आजारी विद्यार्थिनीस रजा मागण्याचा संकोच वाटू देऊ नये. ती निरोगी राहिली, तरच उद्या गावाच्या आरोग्य केंद्रास कुशल परिचारिका लाभेल.